बागेत गवत ठेवलं म्हणून गावात येडा ठरलोय, कोणी केलंय का असं?

कादवाकाठ
१४ मे, रात्री १०:४०

राम राम मंडळी. बरेच दिवस नुसता वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

निफाड तालुक्यात साडेतीन एकर द्राक्षबाग. दोन एकर थॉमसन वाण, बाकी सुधाकर, सगळी डॉगरिज खुंटावर (खालचा मुळांचा वेल) कलम केलेली, नऊ बाय पाच फुटांवर. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात खरड छाटणी (पुढच्या हंगामाची काडी तयार करायची, उन्हाळ्यातली) उरकली. आता मुद्द्याचं. फेब्रुवारीत ड्रिपची सबमेन फुटली म्हणून बागेत चाळीसेक फूट चर खांदला. मातीत एक गांडूळ नाही हो. एक पण नाही. त्याच दिवशी संध्याकाळी विहिरीजवळच्या आजोबांच्या चिकूखाली पाणी वळवत होतो तर दोन खोऱ्यात दहा-पंधरा वळवळले. माती तीच, पाणी तेच, अंतर दोनशे फूट. फरक काय तर चिकूखाली आम्ही कधी काही मारलं नाही आणि बागेत माझ्याच डायरीप्रमाणे त्या सीझनला ५८ फवारण्या, तीन वेळा तणनाशक, आणि ड्रिपमधून जे काय सोडलं ते वेगळंच.

गंमत म्हणजे माल क्लीन होता. रेसिड्यू रिपोर्ट (मण्यात औषधाचा अंश किती त्याची तपासणी) पास, कंटेनर गेला, पैसे आले. म्हणजे रिपोर्ट मण्याचा येतो, बागेचा येत नाही. हे डोक्यातून जाईना म्हणून ठरवलं यंदा तणनाशक बंद, दोन ओळींच्या मधे गवत ठेवायचं, बोदावर (वेलांच्या ओळीखालचा उंचवटा) पाचट टाकायचं, बांधावर झाडं लावायची. नाना (वडील) चार दिवस बोलले नाहीत. शेजारचे विचारतात गवत विकायला काढलं का.

प्रश्न असे की गवतामुळे मिलीबग (पिठ्या ढेकूण) वाढतो हे खरं का, बांधावर कुठली झाडं चालतील, आणि हे सगळं करून एक्सपोर्टचा माल निघतो का. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा, यूट्यूबच्या लिंका नकोत, त्या सगळ्या पाहून झाल्या.

---

माणिकचमन
१४ मे, रात्री ११:२५

पाहुणं, कौतुक हाय तुमचं पण जरा दमानं. मी तासगावचा, तीस वर्षं बाग करतोय. बांधावर झाडं लावा म्हणायला सोपं असतंय. आमच्या बांधावर बाभळी होत्या, थोरल्या भावानं पाखरं बसतील म्हणून ठेवलेल्या. काय झालं तर खोडकिडा. बाभळीतला खोडकिडा आणि द्राक्षातला एकच जात हाय बगा. जूनच्या पहिल्या पावसानंतर भुंगेरं बाहेर पडत्यात, रात्री येऊन खोडात अंडी घालत्यात आणि तुम्हाला कळतंय कधी तर खोडाखाली भुसा पडल्यावर. बारा वर्षांची झाडं गेली आमची, चाळीस-पंचेचाळीस. तवा बाभूळ नको म्हंजे नको.

आणि जास्वंद, भेंडी, अंबाडी बागंजवळ लावू नका, गुलाबी मिलीबगचं माहेर हाय ते. गाजरगवत तर उपटून टाकाच. गवत म्हंजे सगळं गवत सारखं नसतंय.

ती जैवविविधता का काय शहरातल्या लोकांना गोड वाटती. आमच्याकडं टँकरनं पाणी घालून बागा जगवल्यात, त्यातलं गवताला कुठनं घालायचं?

---

गच्चीवरचीबाग
१५ मे, सकाळी ८:०५

मला शेतीतलं फारसं कळत नाही (कोथरूडला गच्चीवर आठ कुंड्या आहेत, हसू नका) पण एक बाळबोध प्रश्न. सरळ ऑरगॅनिकच का करत नाही? केमिकल फवारलंच नाही तर गांडुळं परत येतील ना. आणि आम्ही जास्त पैसे द्यायला तयार आहोत की.

---

बोर्डोमिश्रण
१५ मे, दुपारी १:१५

गच्चीवरचीबाग, प्रश्न बाळबोध नाही, उत्तर अवघड आहे. माझ्या आयडीवरूनच सुरू करतो.

ऑरगॅनिकमध्ये डाऊनी या बुरशी रोगाला मुख्य हत्यार तांबं. मोरचूद आणि चुना, म्हणजे बोर्डो. फ्रान्समधे १८८५ च्या आसपास हे मिश्रण लोकांपुढे आलं आणि अजून त्याला तोड नाही. आता हिशोब बघा. एक टक्का बोर्डो म्हणजे १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद. एकराला ४०० लिटर मारलं तर ४ किलो मोरचूद, त्यात तांबं साधारण चौथा हिस्सा म्हणजे १ किलो. हेक्टरी धरलं तर अडीच किलो, एका फवारणीत! युरोपियन युनियनने तांब्याला जी मर्यादा घातलीय ती सात वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलो, म्हणजे वर्षाला सरासरी ४. आपल्याकडे खरड छाटणीनंतर पावसाळ्यात फुल डोसच्या दोन फवारण्या झाल्या की ती सरासरी संपली. आणि तांबं कुठं जात नाही, मातीत साठत राहतं, युरोपातल्या जुन्या बागांच्या मातीचं हेच दुखणं आहे. गांडुळाला तांबं चालत नाही. त्यामुळे 'सेंद्रिय' म्हटलं की माती जिवंत असं समीकरण मी तरी मांडत नाही.

त्यात आपला हट्ट असा की जिथली हवा थॉमसनला मानवत नाही तिथे थॉमसनच लावायचा. वर्षात दोन छाटण्या, मधे अख्खा पावसाळा, पान कायम हिरवं. युरोपात वेल थंडीत झोपतो, आपल्याकडे त्याला झोपच नाही, मग बुरशीला तरी सुट्टी कशी मिळणार.

कादवाकाठ, तुमच्या प्रश्नावर. गवत ठेवा पण आत्ता नाही. खरड छाटणीनंतर साधारण चाळिसाव्या दिवसापासून साठाव्या-सत्तराव्यापर्यंत काडीत सूक्ष्म घडनिर्मिती होते. तुमची तारीख धरली तर मेचा शेवट ते जूनचा मध्य. तेव्हा मुळाशी पाण्याची ओढाताण झाली तर ऑक्टोबरला काडी फुटेल पण घड दिसणार नाही, नुसती बाळी (घडाच्या जागी तणावा). तोवर बोदावर उसाचं पाचट किंवा बगॅस जाड टाकून ठेवा, पाणी पण वाचेल. पाऊस लागला की मधल्या पट्ट्यात ताग किंवा चवळी पेरा, तागाला कळी दिसायला लागली की कापून तिथेच पाडा. फुलावर जाऊ देऊ नका, काडी कडक झाली की कुजायला वेळ लागतो.

मिलीबग गवताने वाढतो का? तण कुठलं यावर आहे, माणिकचमन बरोबर बोलले. पण गवतापेक्षा मोठा गुन्हेगार मुंगी आहे. मिलीबगची चिकट साखर मुंगी खाते आणि बदल्यात त्याची राखण करते, परभक्षी कीटकांना जवळ येऊ देत नाही. मुंग्यांचा रस्ता खोडावरच बंद करा, चिकट पट्टी लावा, सुटलेली साल काढा. सालीखाली उडद्या भुंगेरा पण लपतो.

---

डोंगळेवाला
१५ मे, रात्री ९:५०

मी द्राक्षवाला नाही. कांद्याचं बी करतो, डोंगळे (बियासाठीचा कांदा) लावतो, आणि माझ्या दोन्ही बाजूला तुम्हा लोकांच्या बागा आहेत. म्हणून बोलायचा हक्क आहे.

कांद्याच्या बियाला मधमाशी लागते. लागतेच. आपल्या फुलात आपण फळणारं पीक नाही ते, परागकण इकडून तिकडे कोणीतरी न्यावा लागतो. तुमच्या द्राक्षाला माशीची गरज नाही, फुलोरा आपला आपण सेट होतो, म्हणून तुम्हाला माशीचं काही पडलेलं नाही. जानेवारी-फेब्रुवारीत माझा डोंगळा फुलावर येतो आणि नेमकं तेव्हाच तुमचं मिलीबगच्या फवारणीचं ब्लोअर सुरू होतं, सकाळी नऊ वाजता, ऐन माशी फिरायच्या टायमाला! मागच्या वर्षी आग्यामोहोळ होतं पिंपळावर, एका दिवसात खाली सडा. गोंडे दिसायला भरलेले आणि हातावर चोळले तर पोकळ. कोणाला सांगू? बाग त्याची, औषध त्याचं, माशी कोणाचीच नाही.

तुम्ही गवत ठेवा नाहीतर गुलाब लावा, फवारणी सूर्य बुडाल्यावर करा एवढं केलं तरी उपकार होतील.

---

माणिकचमन
१५ मे, रात्री १०:१०

रात्री फवारायला तुमच्या वाडीत लाईट असती का? आणि बिबट्या?

---

डोंगळेवाला
१५ मे, रात्री १०:१४

ट्रॅक्टरला लाईट असते. ब्लोअर ट्रॅक्टरच्याच पीटीओवर चालतो, महावितरणवर नाही.

---

माणिकचमन
१५ मे, रात्री १०:२०

बरं हाय. बिबट्याचं बोला की.

---

व्यवस्थापक
१५ मे, रात्री ११:००

बिबट्यावर वेगळा धागा आहे, तिकडे ३४० प्रतिसाद झालेत, कृपया इथे नको.

---

नान्नजची_लेक
१६ मे, दुपारी ४:३०

मी नान्नजची, सोलापूरजवळचं. द्राक्षवाल्यांना नान्नज माहीत असतं ते नानासाहेब काळे यांच्या सोनाका आणि शरद सीडलेसमुळे. पक्षीवाल्यांना माहीत असतं ते माळढोकमुळे, १९७९ चं अभयारण्य. एकाच गावाची ही दोन नावं, आणि ती एकमेकांना ओळख देत नाहीत.

माझे बाबा दोन्ही बाजूंचे. बाग आमची पण आहे, आणि लहानपणी मला सायकलवर बसवून माळावर माळढोक दाखवायला तेच न्यायचे. तो माळ म्हणजे कोणाला पडीक वाटायचा. खुरटं गवत, मधे मधे ज्वारी-करडई, कोरडवाहू. त्या पक्ष्याला तेच लागतं, लांबवर दिसेल अशी उघडी जमीन. पाणी आलं, ड्रिप आलं, ऊस आला, बागा आल्या, तारा आल्या, शेततळी आली. आता एखादा माळढोक दिसला तर पेपरात बातमी येते. एकट्या द्राक्षाने घालवला असं मी म्हणणार नाही, उसाने जास्त, आणि आमच्या घरात पक्कं छप्पर बागेनेच आलं हे पण खरं. पण 'बांधावर झाडं लावा म्हणजे निसर्ग वाचला' हे वाचलं की मला जरा टोचतं. आमच्या भागात माळावर झाडं लावणं हेच नुकसान असतं. जिथं जे होतं ते बघा आधी.

दुसरं, जाळ्या. पाखरांसाठी जे बारीक नायलॉनचं जाळं टाकतात ना, ते सैल टाकलं की त्यात भोरड्या, साळुंक्या, बुलबुल तर अडकतातच पण गव्हाणी घुबड पण अडकतं. जे घुबड रात्री तुमचे उंदीर खातं, ड्रिपच्या नळ्या कुरतडणारे. जाळं ताणून बांधा, जाड धाग्याचं आणि रंग दिसेल असं घ्या, आणि रोज सकाळी एक चक्कर मारा. काढणी झाली की गुंडाळून ठेवा, लोक तसंच टाकून देतात, मग साप अडकतात.

आणि भोरड्यांना नुसतं शत्रू समजू नका. लांबून येतात, मध्य आशिया, पूर्व युरोप, आणि मुख्य खाणं नाकतोडे-टोळ. द्राक्षात पडल्या की त्रास आहेच, मी थाळी वाजवून पळवल्यात त्या 😀

---

कादवाकाठ
१६ मे, रात्री ११:३०

सगळ्यांचे आभार. नान्नजची_लेक ताई, तुमची पोस्ट नानांना वाचून दाखवली. ते म्हणाले आपल्याकडे माळ नव्हता, नदीकाठ होता, करंज, जांभूळ, उंबर, शिंदी. आमचं शिवार नांदूर मध्यमेश्वरपासून फार लांब नाही, गोदावरी-कादवेच्या संगमावरचं ते धरण, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं २०२० च्या जानेवारीत. हिवाळ्यात बदकं डोक्यावरून जातात आणि खाली आमच्या बागांचं पाणी नाल्यानं तिकडंच जातं. हा विचार कधी केलाच नव्हता.

बोर्डोमिश्रण सर, ताग जूनमधेच पेरतो. डोंगळेवाला भाऊ, तुमच्याशी वाद घालायला तोंड नाही.

एक हसण्यासारखं. आमच्या ग्लोबलगॅपच्या (एक्सपोर्टसाठी लागणारं प्रमाणपत्र) फाईलमधे 'जैवविविधता संवर्धन आराखडा' नावाचं पान आहे. दरवर्षी सही करतो, काल पहिल्यांदा वाचलं. त्यात लिहिलंय शेताच्या उत्तरेला अग्रणी नदी वाहते. अग्रणी! ती सांगलीची ना? ज्याने फाईल केली त्याने एकच आराखडा सगळ्या महाराष्ट्राला चिकटवलाय. पक्ष्यांच्या यादीत मोर, पोपट, चिमणी आणि 'ससा' आहे.

---

माणिकचमन
१६ मे, रात्री ११:४१

अग्रणी आमचीच. परत द्या 😂

---

मोझेलमुक्कामी
१७ मे, पहाटे २:१५

धागा आवडला. मी जर्मनीत कोब्लेंझजवळ राहतो, आयटीवाला, पण घरासमोर मोझेल नदी आणि तिच्या उभ्या कड्यावर द्राक्षं. इथे एक गोष्ट बघितली ती सांगतो.

या कड्यांवर अपोलो नावाचं फुलपाखरू आहे, पांढरं, लाल ठिपक्यांचं, त्याची एक उपजात फक्त या खोऱ्यात सापडते. त्याची अळी दगडी पौळीवर उगवणारं एक मांसल पानांचं रोप खाते. उतार इतका उभा की ट्रॅक्टर चालत नाही, म्हणून बुरशीनाशक हेलिकॉप्टरने मारतात, खास परवानगी काढून. गेल्या काही वर्षांत फुलपाखरं फार कमी झाली. निसर्गवाले हेलिकॉप्टरकडे बोट दाखवतात, बागवाले हवामानाकडे, भांडण जोरात आहे.

पण गंमत पुढेच आहे. बागा सोडून दिल्या तर फुलपाखरू वाचेल का? नाही! म्हातारे शेतकरी गेले, पोरं शहरात गेली, बाग पडीक पडली की चार-पाच वर्षांत झुडपं माजतात, पौळ सावलीत जाते, ते रोप मरतं आणि फुलपाखरू पण. शेकडो वर्षं माणसाने उतार उघडा ठेवला म्हणूनच ते तिथे टिकलं. म्हणजे शेतकरी नको असं नाही, शेतकरी पाहिजेच, फक्त कसा ते बघायचं. नान्नजच्या माळावरच्या ज्वारी-करडईवरून हेच आठवलं.

बाकी सपाटीवरच्या बागांमधे इथे एक आड एक ओळ गवताची ठेवतात, एक ओळ नांगरलेली. पुढच्या वर्षी अदलाबदल.

---

बोर्डोमिश्रण
१७ मे, सकाळी ११:००

मोझेलमुक्कामी, मस्त. एक आड एक ओळ ही आयडिया आपल्याकडे कमी पाण्यात चालेल, कादवाकाठ बघा.

रिपोर्ट मण्याचा येतो, बागेचा येत नाही, यावर थोडं. बरोबर आहे, आणि ते नियमच मुळात खाणाऱ्याच्या तब्येतीसाठी केलेले. २०१० साली सीसीसी या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशावरून आपले कंटेनर युरोपात अडकले तेव्हा ज्यांनी भोगलं त्यांना माहीत आहे. तेव्हापासून आपण सगळे पीएचआय (फवारणी ते काढणी किती दिवस), एमआरएल (मालात किती अंश चालतो) याच भाषेत शेती करतो. 'क्लीन' निघण्यासाठी औषध आधी मारायचं एवढंच शिकलो, कमी मारायला नाही.

पण एक बारीक फट उघडलीय. युरोपने इमिडा, थायोमेथॉक्झाम, क्लोथियानिडिन ही तीन कीटकनाशकं उघड्या शेतात वापरायला स्वतःकडे २०१८ लाच बंद केली. नंतर त्यातल्या थायोमेथॉक्झाम आणि क्लोथियानिडिनचा आयात मालासाठीचा एमआरएल पण अगदी तळाला आणायचा नियम २०२३ मधे केला, लागू मार्च २०२६ पासून. आणि कारण काय दिलं? परागीभवन करणारे कीटक जगभर कमी होताहेत. खाणाऱ्याचं आरोग्य हे कारण नाही! म्हणजे डोंगळेवाल्यांची माशी पहिल्यांदाच कुठल्या तरी कागदावर आली. त्यात व्यापाराचं राजकारण किती आणि माशीचं प्रेम किती हा वाद वेगळा, ते युरोपवाले स्वतःच्या देशात बंद केलेली औषधं बाहेर विकतातच.

अजून एक, जैवविविधता म्हटलं की आपण पाखरं-झाडं बघतो, वेलाकडे बघत नाही. तास-ए-गणेश, माणिक चमन, सोनाका, नावं वेगळी पण मूळ थॉमसनच, त्याच्याच बदललेल्या फांद्या निवडून वाढवलेल्या. खाली खुंट जवळपास सगळीकडे डॉगरिज, तो टेक्सासचा रानटी वेल. म्हणजे नाशिकपासून विजापूरपर्यंत वर एक वेल, खाली एक वेल. एकाला जे रोग लागतात ते सगळ्यांना लागतात. पुण्याच्या आघारकर संस्थेने एआरआय-५१६ ही जात काढली, अमेरिकन कॅटॉबा आणि ब्यूटी सीडलेसचा संकर, बुरशीला बऱ्यापैकी दाद देत नाही. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या द्राक्ष संशोधन केंद्राने पण ज्यूसची, बेदाण्याची वाणं काढली. पण बाजाराला लांब हिरवा मणीच पाहिजे, बाकी कशाला भाव नाही. गच्चीवरचीबाग, जास्त पैसे द्यायचेच असतील तर बी असलेलं काळं द्राक्ष मागून बघा दुकानात.

---

गच्चीवरचीबाग
१७ मे, दुपारी १२:२०

मागितलं. दुकानदार म्हणाला बी असलेलं कोण खातं मॅडम.

---

कादवाकाठ
९ नोव्हेंबर, रात्री ९:००

धागा वर काढतोय. सहा महिन्यांचा हिशोब देणं लागतो.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात एक आड एक ओळीत ताग पेरला, बाकी ओळीत आपसूक आलं ते गवत ठेवलं, फक्त गाजरगवत बायका लावून उपटलं. ताग छातीएवढा झाला, ऑगस्टमधे कापून पाडला. नाना रोज बघायचे आणि काही बोलायचे नाहीत, आमच्याकडे याला परवानगी म्हणतात. छाटणीची काडी यंदा जाळली नाही, श्रेडर भाड्याने आणून बारीक केली, पण ज्या ओळींत मिलीबग आणि खोडकिडा होता तिथली काडी बाहेर नेऊन जाळलीच, तिथे भावनिक झालो नाही.

आता खरी गोष्ट. ऑक्टोबर छाटणी झाली, पोंगा (कोवळा कोंब) फुटला आणि पाऊस लागला, चार दिवस. ज्यांनी रोटर मारून जमीन लोण्यासारखी केलेली त्यांचे ट्रॅक्टर बागेत रुतले. डाऊनीसाठी ज्या दिवशी फवारणी पाहिजे त्याच दिवशी आत जाता येईना, लोक पाठीवर पंप घेऊन चिखलात. माझा ट्रॅक्टर गवतावरून आरामात गेला. गावात जी काही इज्जत परत मिळालीय ती गांडुळाने नाही, टायरने मिळालीय. शेजारच्या काकांनी परवा हळूच विचारलं तागाचं बी कुठून आणलं.

मार पण बसला. उताराच्या कोपऱ्यात गवत कापायचं राहिलं होतं, गुडघ्याएवढं, तिथे ओल धरली आणि डाऊनी आली. दहा-बारा झाडांचे घड गेले. चूक गवताची नाही, माझी, ब्रश कटर बिघडला होता आणि मी उद्या-उद्या करत बसलो.

बांधावर करंज, उंबर, शेवगा लावलेत. बाभूळ नाही 🙏

---

माणिकचमन
९ नोव्हेंबर, रात्री ९:४५

टायरचं पटलं बगा. हे आधी सांगायचं की, गांडूळ गांडूळ करत बसला.

---

कादवाकाठ
२१ फेब्रुवारी, रात्री १०:१५

शेवटचा रिपोर्ट, मग मी काढणीत बुडणार.

रस्त्याकडच्या दोन ओळीत मिलीबग आलाच. यंदा ब्लोअर न काढता क्रिप्टोलीमस आणले, ते ऑस्ट्रेलियन ढालकिडे, भारतात म्हणे १८९८ मधे पहिल्यांदा आणलेले. प्रति झाड आठ-दहा सोडा म्हणतात, दोन ओळीच होत्या म्हणून परवडलं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सोडले आणि नेमकी थंडी पडली, निफाडची थंडी माहीत आहे, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा पेपरात येतो ती. तीन आठवडे काहीच दिसेना, नाना म्हणाले पैसे उडून गेले तुझे, पंख होते त्यांना.

मग एक दिवस थिनिंगवाल्या (मणी विरळ करणाऱ्या) ताई ओरडल्या, दादा, हा मिलीबग पळतोय बघा! मिलीबग कधी पळतो का. जाऊन बघितलं तर पांढरा, कापूस लावल्यासारखा, मिलीबगसारखाच पण तिप्पट मोठा आणि चालतोय. ढालकिड्याची अळी! तोवर ताईंनी पाच-सहा चिरडल्या होत्या. बाकीच्या वाचवल्या. ज्यांनी सोडले असतील त्यांनी मजुरांना आधी दाखवून ठेवा, नाहीतर आपलेच पहारेकरी आपणच मारतो.

ओळी शंभर टक्के साफ नाही झाल्या. खालचे काही घड लोकल बाजाराला जातील. बाकी माल बरा आहे, सॅम्पल पास झालं. फवारण्या ५८ वरून ४१ वर आल्या, त्यातली निम्मी कृपा यंदाच्या हवेची, उगाच श्रेय घेत नाही. भाव? शेजाऱ्याला जो तोच मला, एक रुपया जास्त नाही. एक्सपोर्टरला गवताचा फोटो दाखवला तर म्हणाला छान आहे, मण्याची साईज दाखवा.

चर परत खांदला, मुद्दाम, त्याच जागी. चार सापडली. चाळीस फुटात चार. चिकूखालच्या मानाने काहीच नाही.

---

डोंगळेवाला
२१ फेब्रुवारी, रात्री १०:५०

फवारणी कधी करता आता?

---

कादवाकाठ
२१ फेब्रुवारी, रात्री १०:५५

डिसेंबरपासून कीटकनाशक सगळं संध्याकाळी सातनंतर. भुरी रोगाचं सकाळी. आमच्या मागे पण एकाचा डोंगळा आहे, त्याला आदल्या दिवशी फोन करतो.

---

डोंगळेवाला
२१ फेब्रुवारी, रात्री ११:०२

माझ्या शेजारच्याचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. तुम्ही बागवाले बागवाल्याचं ऐकता, आमचं नाही. तेवढं त्याला टायरचं सांगा आधी, मग माशीचं.

---

माणिकचमन
२१ फेब्रुवारी, रात्री ११:२०

आणि तागाचं बी कुठनं आणलं ते हितंच लिवा, व्यनि नको. एकरी किती किलो लागलं?

---

कादवाकाठ
२१ फेब्रुवारी, रात्री ११:२४

एक आड एक ओळ होती म्हणून एकरी दहा किलोत भागलं. बी तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रातून, पण मे मधेच सांगून ठेवा, जूनमधे मिळत नाही.